मिग-३१ बीएम : पल्ला, नजर आणि ओळख

शत्रूचे विमान आपल्या हद्दीत शिरण्याआधी, शक्य तितक्या दूर गाठून त्याला अडवणे हे ज्या लढाऊ विमानाचे मुख्य काम असते, त्याला अवरोधक विमान किंवा नेहमीच्या बोलण्यात इंटरसेप्टर म्हणतात. समोरासमोरच्या हवाई झुंजीत गिरक्या घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर येण्याची चपळाई या विमानात बेताचीच असते. त्याच्या रचनेत भर असतो तो वेग, उंची, भरपूर इंधन, शक्तिशाली रडार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे यांवर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक देशांनी हा प्रकार हळूहळू मोडीत काढला, सोव्हिएत संघाने मात्र तो अखेरपर्यंत जोपासला, आणि त्या परंपरेतले शेवटचे विमान, म्हणजे मिग-३१, आपल्या बीएम या आधुनिक रूपात युक्रेनच्या युद्धामुळे पुन्हा चर्चेत आले आहे. या विमानाविषयीचे लेखन बहुधा वेगाच्या आकड्यांभोवती फिरते. त्याच्या क्षमतेचा खरा उलगडा मात्र त्याचे रडार, त्याचे क्षेपणास्त्र आणि या दोहोंच्या पल्ल्यामुळे अधिक बिकट झालेला लक्ष्य ओळखण्याचा प्रश्न, या तिन्हींचा एकत्र विचार केल्यावरच होतो.

अवरोधक विमानाची गरज नकाशावरून समजते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यामधला जवळचा हवाई मार्ग उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून जातो, आणि त्या बाजूचा सोव्हिएत किनारा हजारो किलोमीटर लांब, बर्फाळ आणि जवळपास निर्मनुष्य होता. मॉस्कोभोवती विमानवेधी क्षेपणास्त्रांची कडी उभारता आली. तशीच कडी नोवाया झेम्ल्यापासून चुकोत्कापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर उभारणे कोणत्याही तिजोरीला परवडणारे नव्हते. जिथे ठाणी बसवता येत नाहीत तिथे रडार आणि क्षेपणास्त्रे उचलून नेणारे विमान हवे, या विचारातून १९६० च्या दशकात तुपोलेव तू-१२८ हे अवाढव्य अवरोधक विमान सेवेत आले. कॅनडापुढेही असाच उत्तरेचा प्रश्न होता आणि त्या देशाने आव्रो ॲरो हे अत्यंत प्रगत विमान विकसितही केले होते, परंतु २० फेब्रुवारी १९५९ रोजी तो प्रकल्प रद्द झाला. त्याच वर्षी अमेरिकेने एफ-१०८ ची योजना सोडून दिली. आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे युग सुरू झाल्यामुळे बॉम्बफेकी विमाने मागे पडतील, आणि ही क्षेपणास्त्रे तर कोणत्याही विमानाला अडवता येणार नाहीत, असा त्यामागचा तर्क होता. तो अर्धाच खरा ठरला. बॉम्बफेकी विमाने नाहीशी झाली नाहीत, उलट १९७० च्या दशकात त्यांच्या पोटात आणि पंखांखाली क्रूझ क्षेपणास्त्रे आली, म्हणजे जमिनीच्या चढउतारांना धरून अगदी खालून उडणारी, वैमानिक नसलेली छोटी विमानेच. जुन्या अवरोधक विमानांपाशी या धोक्याला उत्तर नव्हते.

त्या जुन्या पिढीचे सर्वांत प्रसिद्ध विमान मिग-२५ होय. १९६४ मध्ये पहिले उड्डाण केलेल्या या विमानाची चौकट प्रामुख्याने निकेलयुक्त पोलादाची होती, कारण ध्वनीच्या अडीच पटींहून अधिक वेगाने उडताना हवेच्या घर्षणाने आणि दाबाने पृष्ठभाग इतका तापतो की नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंची ताकद टिकत नाही. उंचावरून वेगाने येणाऱ्या एकट्या बॉम्बफेकी विमानावर झेप घेण्यासाठी ते उत्तम होते, पण त्याच्या मूळ रडारला आपल्याहून खाली उडणारे लक्ष्य जवळपास दिसतच नसे. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्तोर बेलेंको हा सोव्हिएत वैमानिक आपले मिग-२५ घेऊन जपानमधील हाकोदाते येथे उतरला, आणि पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ते विमान सुटे करून तपासले, तेव्हा त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही उघड झाल्या. भारतीय वाचकाला हे कुळ अपरिचित नाही. टेहळणीसाठी बनवलेली मिग-२५ विमाने १९८१ पासून २००६ पर्यंत भारतीय हवाई दलाच्या १०२ क्रमांकाच्या तुकडीत बरेलीच्या तळावर होती, आणि त्यांच्या वेगापुढे व उंचीपुढे शेजारी देशांची विमाने हतबल असत. भारताला त्या विमानाकडून फक्त छायाचित्रे हवी होती. सोव्हिएत हवाई संरक्षण दलाला त्याच चौकटीतून खाली पाहू शकणारा पहारेकरी हवा होता.

मिग-३१ चा जन्म या गरजेतून झाला. त्याच्या पहिल्या नमुन्याचे उड्डाण १६ सप्टेंबर १९७५ रोजी अलेक्सांद्र फेदोतोव या चाचणी वैमानिकाने केले, आणि १९८१ मध्ये ते सेवेत दाखल झाले. बाहेरून ते मिग-२५ चे धाकटे भावंड वाटत असले तरी आतून जवळपास सर्व काही नवे होते. मागच्या आसनावर शस्त्रप्रणाली सांभाळणारा दुसरा अधिकारी आला; त्याच्या कक्षाला बाहेर पाहण्यासाठी फक्त लहान खिडक्या आहेत, यावरूनच त्याचे जग पडद्यावरच्या ठिपक्यांचे आहे हे लक्षात येते. चौकटीत सुमारे निम्मे पोलाद, एक तृतीयांश ॲल्युमिनियम मिश्रधातू आणि उरलेल्यात मुख्यतः टायटॅनियम असा मेळ घातला गेला. पेर्म येथे घडवलेली डी-३० एफ ६ ही दोन इंजिने आफ्टरबर्नर चालू असताना, म्हणजे टर्बाइनच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवला असताना, प्रत्येकी सुमारे साडेपंधरा टनांचा रेटा देतात. मुख्य चाकांची प्रत्येक जोडी एकाच ओळीत न ठेवता किंचित आगेमागे आणि बाजूला सरकवलेली आहे, जेणेकरून मागचे चाक पुढच्याच्या चाकोरीत न रुतता बर्फाच्छादित धावपट्टीवर वजन पसरेल. उत्तरेकडच्या तळांचा विचार विमानाच्या पायापर्यंत पोचला होता.

या विमानातली खरी क्रांती त्याच्या नाकात होती. जमिनीवर उभ्या असलेल्या रडारची मोठी अडचण पृथ्वीची गोलाई ही असते. रडारचा डोळा २० मीटर उंचीवर आणि क्रूझ क्षेपणास्त्र ५० मीटर उंचीवर असेल, तर मध्ये कोणताही डोंगर नसला तरी ते क्षेपणास्त्र सुमारे ४७ किमी अंतरावर आल्याशिवाय क्षितिजावर उगवतच नाही. तोच डोळा १० किमी उंचीवर नेला, तर क्षितिज ४०० किमीच्या पलीकडे सरकते. वर गेल्याने दिसणारा प्रदेश वाढतो, पण त्याबरोबर दुसरी अडचण उभी राहते, कारण खाली पाहणाऱ्या रडारच्या लहरी जमिनीवरून, लाटांवरून आणि झाडांवरूनही परततात, आणि त्या गदारोळात छोट्या लक्ष्याचा प्रतिध्वनी हरवून जातो. त्यावरचा उपाय म्हणजे परतलेल्या लहरीच्या कंपनसंख्येतला बदल मोजणे. हलत्या वस्तूकडून आलेली लहर थोडी बदललेली असते, आणि या बदलाला डॉप्लर परिणाम म्हणतात. स्थिर जमिनीचा प्रतिध्वनी गाळून हलत्या लक्ष्याचा तेवढा राखणे हे काम संगणन मागते, आणि १९७० च्या दशकातल्या सोव्हिएत इलेक्ट्रॉनिक्सच्या मानाने ते कठीण होते.

मॉस्कोजवळच्या झुकोव्स्की येथील तिखोमिरोव संशोधन संस्थेने त्यासाठी झास्लोन हे रडार घडवले, ज्याच्या नावाचा अर्थच अडसर किंवा आड असा होतो. लढाऊ विमानात प्रत्यक्ष सेवेत आलेले ते पहिले प्रावस्था-नियंत्रित रडार होते. नेहमीच्या रडारमध्ये ॲंटेना यांत्रिकपणे डावीउजवीकडे फिरते आणि एका फेरीला काही क्षण लागतात; प्रावस्था-नियंत्रित रडारमध्ये ॲंटेना जागेवरच राहते आणि तिच्यावरच्या शेकडो सूक्ष्म घटकांतून जाणाऱ्या लहरींच्या चढउतारांची वेळ विजेच्या साहाय्याने मागेपुढे करून किरण हव्या त्या दिशेला वळवला जातो. हे वळण सेकंदाच्या अत्यल्प अंशात होते, त्यामुळे एकच रडार एका लक्ष्यावर नजर ठेवता ठेवता दुसरीकडे शोध घेऊ शकते. लहरी निर्माण करणारे साधन मध्यवर्ती आणि एकच असेल तर त्या रचनेला अक्रिय म्हणतात, प्रत्येक घटकच आपली लहर निर्माण करीत असेल तर सक्रिय. झास्लोन अक्रिय प्रकारचे होते. मोठ्या विमानाचा वेध ते सुमारे २०० किमीवरून घेई, एकाच वेळी १० लक्ष्यांचा माग ठेवी आणि त्यांपैकी ४ लक्ष्यांवर क्षेपणास्त्रे सोडू शके. याच संस्थेने पुढे घडवलेले बार्स हे रडार भारताच्या सुखोई-३० एमकेआय विमानांत आहे, आणि ती विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात बांधली गेली, तेव्हा झास्लोनचे पुढचे रक्त महाराष्ट्राच्या भूमीवरून आकाशात गेले असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे विमानांची आपापसांतली गुप्त संदेशसाखळी. चार मिग-३१ एकमेकांपासून २०० किमीपर्यंत अंतर ठेवून एका रेषेत उडू लागली की ती आपल्या रडारांवर दिसणारे चित्र एकमेकांना आपोआप पुरवतात, आणि ८०० किमीहून रुंद पट्टा एका नजरेखाली येतो. ज्या विमानाला लक्ष्य दिसले त्यानेच क्षेपणास्त्र सोडले पाहिजे असे बंधन उरत नाही. आज माहितीच्या जाळ्यावर लढले जाणारे युद्ध ही कल्पना सर्वत्र रूढ झाली आहे. उत्तर ध्रुवीय किनाऱ्यावर ती १९८० च्या दशकात कामाला लागली होती, आणि या विमानाचे श्रेय देताना वेगाच्या विक्रमांपेक्षा या साखळीला अधिक मान मिळायला हवा.

तरीही वेगाला विसरून चालत नाही, कारण पल्ल्याचा हिशेब त्याच्याशी जखडलेला आहे. मोठ्या उंचीवर ताशी ३,००० किमी, म्हणजे ध्वनीच्या सुमारे २.८३ पट, ही या विमानाची वेगमर्यादा सांगितली जाते. त्या वेगाला समोरून आदळणारी हवा थबकते तिथे तापमान सुमारे २९० अंश सेल्सियसपर्यंत चढते, आणि ही मर्यादा इंजिनांच्या जोराइतकीच धातूच्या व काचेच्या सहनशक्तीने ठरलेली आहे. व्यवहारात महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. चार क्षेपणास्त्रे घेऊन ध्वनीच्या २.३५ पट वेगाने धावून परत तळावर येता येईल असे अंतर सुमारे ७२० किमी आहे, आणि ते अंतर त्या वेगाने सतरा-अठरा मिनिटांत तोडले जाते. ध्वनीपेक्षा कमी वेगाने गेल्यास त्याच इंधनात १,२०० किमीपर्यंत जाता येते. ४६ टनांपर्यंतच्या उड्डाणवजनात १६ टनांहून अधिक इंधन वाहणाऱ्या या विमानाची अडचण अशी की घाई केली की पल्ला आखडतो आणि पल्ला हवा असेल तर घाई सोडावी लागते. नंतरच्या आवृत्त्यांत हवेतच इंधन भरून घेण्याची नळी आली तेव्हा ही ओढाताण काहीशी सैल झाली, पण त्यासाठी इंधनवाहू विमाने हवीत, आणि रशियाकडे ती कधीच मुबलक नव्हती.

मूळ विमानापासून बीएमपर्यंतचा प्रवास सरळ नव्हता. मॉस्कोतील रडार संशोधनात काम करणारा अदोल्फ तोल्काचोव हा अभियंता अनेक वर्षे अमेरिकी गुप्तचर संस्थेला सोव्हिएत विमानांच्या रडारांची माहिती पुरवीत होता. त्याला १९८५ मध्ये अटक झाली आणि १९८६ मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर झास्लोनमध्ये बदल करून मिग-३१ बी ही आवृत्ती आली. मोठे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे असलेली मिग-३१ एम ही अधिक महत्त्वाकांक्षी आवृत्तीही तयार होत होती, आणि तिच्या चाचणीत १९९४ मध्ये ३०० किमी अंतरावरचे लक्ष्य भेदल्याचे जाहीर झाले, परंतु तोवर तिला जन्म देणारा देशच उरला नव्हता. त्याच वर्षी मिग-३१ चे उत्पादन थांबले. सुमारे ५०० विमाने बनली होती. त्यांतली काही कझाकस्तानच्या वाट्याला गेली, बरीचशी रशियात सुट्या भागांच्या आणि इंधनाच्या टंचाईत धूळ खात उभी राहिली.

बीएम हे या पडझडीतून काढलेले व्यवहारी उत्तर होते. नवी विमाने बांधण्याऐवजी असलेल्यांतली चांगली निवडायची, त्यांची चौकट व इंजिने दुरुस्त करायची आणि डोळे, मेंदू व शस्त्रे बदलायची, असे त्याचे सूत्र होते. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २०११ मध्ये ६० विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार केला आणि २०१४ मध्ये आणखी ५० हून अधिक विमानांचा. ज्या कारखान्यात ही विमाने मुळात बांधली गेली त्या निझ्नी नोवगोरोदच्या सोकोल कारखान्याकडे यातले मोठे काम आले. झास्लोन-एएम या सुधारित रडारात ॲंटेनाची मूळ रचना राखून तिच्या मागचा संगणक आणि संकेतप्रक्रिया बदलली गेली, आणि शोधाचा पल्ला ३२० किमीपर्यंत, एकाच वेळी माग ठेवायच्या लक्ष्यांची संख्या २४ पर्यंत वाढल्याचे सांगण्यात आले. मागच्या कक्षात जुन्या गोल पडद्याच्या जागी बहुकार्यी रंगीत पडदे आले, आणि मोठ्या क्षेपणास्त्रांच्या जोडीला पंखांखाली मध्यम व जवळच्या पल्ल्याची आधुनिक क्षेपणास्त्रे वाहण्याची सोय झाली.

अशा आकड्यांकडे पाहताना रडारचा एक मूलभूत नियम लक्षात ठेवावा लागतो. लहर लक्ष्यापर्यंत जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते, म्हणून शोधाचा पल्ला लक्ष्याच्या परावर्तनक्षमतेच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात बदलतो. ३२० किमी हा आकडा मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या आकाराचे लक्ष्य धरून दिलेला असतो. त्याच्या एक सोळांश परावर्तन करणारे लक्ष्य त्याच रडारला १६० किमीवर दिसेल, आणि दहा हजार पटींनी कमी परावर्तन करणारे, म्हणजे रडारला चुकवण्यासाठी खास आकार व लेप दिलेले विमान, ३२ किमीवर. यातून दोन्ही बाजूंचे निष्कर्ष निघतात. एफ-३५ सारख्या विमानाला बीएम दुरून टिपेल ही अपेक्षा या गणितात बसत नाही. पण इंधनवाहू विमाने, टेहळणीची विमाने आणि पाठीवर मोठे रडार वाहणारी हवाई सूचना विमाने आपला आकार लपवू शकत नाहीत, आणि कोणत्याही आधुनिक हवाई दलाचा डोलारा त्यांच्यावरच उभा असतो.

त्यांच्यासाठीच जणू आर-३७ एम हे क्षेपणास्त्र आहे. सुमारे ५१० किलो वजनाच्या आणि ६० किलोचे स्फोटकाग्र असलेल्या या क्षेपणास्त्राच्या निर्यात आवृत्तीचा पल्ला उत्पादक २०० किमीपर्यंत सांगतात, रशियाच्या स्वतःच्या आवृत्तीचा ३०० किमी आणि त्याहूनही अधिक मानला जातो. त्याच्या आधीचे आर-३३ हे अर्धसक्रिय मार्गदर्शनाचे होते, म्हणजे क्षेपणास्त्र लक्ष्यावर पोचेपर्यंत विमानाने आपल्या रडारचा झोत अंधारात धरलेल्या विजेरीसारखा त्या लक्ष्यावर रोखून ठेवावा लागे. आर-३७ एम मात्र प्रवासाचा मोठा भाग अंतर्गत यंत्रणेने आणि विमानाकडून मिळणाऱ्या दुरुस्त्यांच्या आधारे करते, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचे छोटे रडार चालू करून लक्ष्य शोधते. तेवढ्या अवधीत ते सोडणारे विमान पाठ फिरवून निघून जाऊ शकते. येथे विमानाची उंची आणि वेग पुन्हा कामी येतात. १८ किमी उंचीवर हवेची घनता ९ किमीवरील घनतेच्या सुमारे एक चतुर्थांश असते, आणि क्षेपणास्त्र तिथे ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगात सोडले गेले की त्याचा पहिला कठीण चढ विमानानेच चढून दिलेला असतो. तेच क्षेपणास्त्र दुसऱ्या लढाऊ विमानाला लावता येते, पण त्याच्याकडून मिळणारा पल्ला सारखा राहत नाही.

युक्रेनमध्ये या जोडीचे सामर्थ्य पहिल्यांदा खऱ्या युद्धात दिसले. लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले की ऑक्टोबर महिन्यात रशियन हवाई दल दिवसाला सहापर्यंत आर-३७ एम क्षेपणास्त्रे सोडत होते, आणि युक्रेनच्या वैमानिकांना मिग-३१ बीएमच्या गस्तीचा मोठा जाच होत होता. युक्रेनची जुनी मिग-२९ आणि सुखोई-२७ विमाने रशियाच्या जमिनीवरील क्षेपणास्त्रांपासून वाचण्यासाठी अगदी खालून उडत, त्यांची स्वतःची क्षेपणास्त्रे अर्धसक्रिय आणि तोकड्या पल्ल्याची होती, आणि रशियाच्या हद्दीत राहून उंचावरून वेगाने फेऱ्या मारणाऱ्या विमानापर्यंत पोचण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. प्रत्येक क्षेपणास्त्र लागलेच पाहिजे असेही नव्हते. ते आल्याची चाहूल लागताच वैमानिकाला आपली मोहीम सोडून खाली बुडी मारावी लागे, आणि मोहीम मोडली की अवरोधकाचे काम झालेच. ध्रुवीय किनाऱ्यावर बॉम्बफेकी विमानांची वाट पाहण्यासाठी जन्मलेले विमान असे आघाडीवरच्या वैमानिकांना दडपून ठेवण्याचे हत्यार बनले.

याच विमानाचे मिग-३१ के हे भावंड किंझाल हे जमिनीवर मारा करणारे क्षेपणास्त्र वाहते, ज्याची घोषणा मार्च २०१८ मध्ये झाली आणि ज्याचा वापर युक्रेनवर २०२२ पासून सुरू झाला. ते अवरोधक उरलेले नाही, म्हणून या आढाव्यात त्याचे स्थान गौण आहे. तथापि असे एखादे विमान नुसते उडाले तरी सबंध युक्रेनभर भोंगे वाजतात, आणि लाखो नागरिक तळघरांत उतरतात, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळणे भाग आहे. आधुनिकीकरणाने या विमानाचा हात लांब केला, पण २०० किमीवरच्या ठिपक्याला नाव देण्याचे काम त्या मानाने सोपे झालेले नाही. ‘मित्र की शत्रू’ ओळखयंत्रणा सांकेतिक प्रश्न विचारते आणि योग्य उत्तर देणाऱ्याला मित्र ठरवते; उत्तर न देणारा शत्रूच असतो असे मात्र ती कधीच सिद्ध करू शकत नाही, कारण तो यंत्र बिघडलेला मित्र असेल किंवा वाट चुकलेले प्रवासी विमानही असेल. १ सप्टेंबर १९८३ रोजी साखालीनजवळ सोव्हिएत सुखोई-१५ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि २६९ माणसे मरण पावली, तेव्हा अवरोधकाचा वैमानिक त्या विमानाचे दिवे दिसतील इतक्या जवळ होता, आणि तरीही जमिनीवरचे अधिकारी त्याला हेरविमानच समजत राहिले. या घटनेनंतर १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या करारात नागरी विमानावर शस्त्र न चालवण्याचे कलम घालण्यात आले. डोळ्यांनी दिसणाऱ्या अंतरावर जर अशी चूक होते, तर पडद्यावरच्या ठिपक्याकडे पाहून, ध्वनीच्या कित्येक पट वेगाने धावणाऱ्या आणि दोन-तीन मिनिटांत पोचणाऱ्या क्षेपणास्त्राविषयी निर्णय घेणाऱ्या दोन माणसांवर किती भार पडत असेल याचा विचार या विषयावरील तांत्रिक लेखनात फारसा आढळत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी बुर्यातियातील तेलेम्बा सरावक्षेत्रात एक मिग-३१ कोसळले आणि दोघेही वैमानिक बाहेर पडून वाचले. ते सरावात दुसऱ्या मिग-३१ च्याच क्षेपणास्त्राने पडल्याचे रशियन माध्यमांनी दोन वर्षांनी प्रसिद्ध केले.

हा दोष एका देशाचा नव्हे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ भारताच्याच विमानवेधी क्षेपणास्त्राने भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले, त्यात नाशिकच्या एका वैमानिकासह हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक प्राणास मुकला, आणि नंतर हवाई दलाने ती मोठी चूक असल्याचे मान्य केले. तेथे अंतर अगदी थोडे होते आणि दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती. अवरोधकाचा पल्ला जसजसा वाढतो तसतशी सुस्पष्ट ओळखीसाठी लागणारी दुसरी साधने, म्हणजे हवाई सूचना विमाने, जमिनीवरच्या रडारांचे जाळे आणि प्रवासी विमानांच्या मार्गांची ताजी माहिती, अधिकच अपरिहार्य होतात. हेच जाळे विरळ असल्यामुळे मुळात मिग-३१ बनवावे लागले होते. एकट्याने पहारा देण्यासाठी घडवलेल्या विमानाला त्याचा पूर्ण पल्ला वापरताना एकटे राहता येत नाही, ही त्याच्या रचनेतली न सुटलेली गाठ आहे, आणि बीएमच्या नव्या संगणकांनीही ती सुटलेली नाही.

दुसरी मर्यादा वयाची आहे. उत्पादन १९९४ मध्ये थांबल्यामुळे सर्वांत तरुण मिग-३१ सुद्धा आता तीस वर्षांहून जुने आहे, इंजिनांचे उत्पादन बंद आहे आणि सेवेत असलेली इंजिने दुरुस्त करून चालवली जातात. गमावलेल्या विमानाची जागा भरायची तर दुसरे जुने विमान गोदामातून काढण्यावाचून उपाय नाही. मे २०२४ मध्ये क्रिमियातील बेलबेक तळावर युक्रेनने क्षेपणास्त्रांचा मारा केला, तेव्हा उपग्रहांच्या छायाचित्रांत दोन मिग-३१ जळून गेलेली दिसली. हवेत ज्यांच्यापर्यंत युक्रेनचा कोणताही वैमानिक पोचू शकत नव्हता ती विमाने तळावर उभी असताना नष्ट झाली, आणि अवरोधकाच्या पल्ल्याचा हिशेब मांडताना त्याचा तळ शत्रूच्या किती पल्ल्यात आहे हेही मोजावे लागते हे त्यावरून स्पष्ट झाले.

याच विमानांनी दुसऱ्या आघाडीवर राजनैतिक खळबळही माजवली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तीन मिग-३१ फिनलंडच्या आखातावरून एस्टोनियाच्या हवाई हद्दीत शिरली आणि सुमारे १२ मिनिटे तिथे राहिली असे एस्टोनियाने जाहीर केले, रशियाने ते नाकारले, आणि नाटोच्या गस्तीवरील इटलीची एफ-३५ विमाने त्यांना हुसकावण्यास गेली. अडवण्यासाठी बनलेली विमाने येथे अडवली जाण्याच्या भूमिकेत होती. मिग-३१ ची जागा घेण्यासाठी नव्या लांब पल्ल्याच्या अवरोधकाची चर्चा रशियात गेली कित्येक वर्षे चालू आहे, पण प्रत्यक्ष विमान अद्याप जगासमोर आलेले नाही. तोवर कोला द्वीपकल्पातील मोंचेगोर्स्कपासून कामचात्कातील येलिझोवोपर्यंतच्या तळांवर, ज्या किनाऱ्यासाठी तू-१२८ बांधले गेले होते त्याच किनाऱ्याचा पहारा, १९७० च्या दशकात आखलेली आणि नव्या रडारने पाहणारी हीच विमाने करीत आहेत.